गल्ली कुणाच्या मालकीची?

मुलांनो, सोमवारी पहिल्याच तासाला आमच्या चौथीच्या वर्गात एक प्रश्न आला. मी फळ्यावर तारीख लिहीत होते. पाठीमागून आवाज आला, "बाई, गल्ली केबलवाल्याच्या मालकीची असते का?"

वर्ग हसला. मीही हसणार होते. पण वळून पाहिलं तर विचारणारी पोरगी अगदी गंभीर होती. तिचं नाव इथे सांगत नाही, कारण हे साप्ताहिक आमच्या वर्गात येतं आणि तिला ते आवडायचं नाही.

मधल्या सुट्टीत तिला जवळ बोलावलं, तेव्हा सगळा उलगडा झाला. तिची आजी आषाढात मोरीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून आजी खाटेवरच आहे. ही शाळेत, आई-बाबा कामावर. दिवसभर आजीला सोबत कुणाची, तर टी.व्ही.ची. संध्याकाळी एका वाहिनीवर कीर्तन लागतं, ते ऐकता ऐकता आजी वाती वळते. गेल्या महिन्यात केबलवाल्याने पन्नास रुपये वाढवून मागितले. बाबा म्हणाले, "वाढवले ते कशाचे? पावती द्या, देतो." तो म्हणाला, "सगळ्यांचेच वाढलेत, तुम्हाला एकट्याला काय पावती?" बाबांनी नेहमीचे पैसे पुढे केले, ते त्याने घेतलेच नाहीत. चार दिवसांनी पडद्यावर एक चौकोन आला, आत इंग्रजीत दोन ओळी. टी.व्ही. बंद.

बाबा चिडले. नाक्यापलीकडे दुसरा एक केबलवाला आहे, त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "साहेब, तुमची गल्ली माझ्या एरियात येत नाही."

म्हणून तो प्रश्न.

आता गंमत बघा. इतकी वर्षं मी शिकवते आहे, पण या प्रश्नाचं उत्तर काही माझ्याकडे तयार नव्हतं. "उद्या सांगते," असं म्हणून वेळ मारून नेली. तो 'उद्या' यायला चांगले आठ दिवस लागले. कायदे शोधले, जुनी वर्तमानपत्रं चाळली, एका केबलवाल्यांकडे जाऊन चहाही पिऊन आले. या आठवड्याचं पान त्या आठ दिवसांचं आहे. आई-बाबांनाही वाचायला द्या हं, दर महिन्याचे पैसे त्यांच्याच खिशातून जातात.

आधी आमच्या शाळेच्या फाटकापाशी चला. तिथे दोन भेळवाले उभे राहतात. मागे एकदा त्यातल्या एकाने भेळ दहाची पंधरा रुपये केली. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं शेजारच्या गाडीवर! तिसऱ्या दिवशी हा मुकाट्याने दहावर आला. त्याला कुणी रागावलं नाही, नगरपालिकेने नोटीस पाठवली नाही. शेजारी दुसरी गाडी होती, एवढंच. ह्यालाच स्पर्धा म्हणतात. पुढे एक भेळवाला आजारी पडला, पंधरा दिवस आला नाही. त्या पंधरा दिवसांत दुसऱ्याच्या भेळेतली शेव पातळ झाली आणि वरची पुरी गायबच झाली. ही झाली मक्तेदारी. मक्ता म्हणजे ठेका. विकणारा एकटाच असला की त्याने देईल ते आणि म्हणेल त्या भावात घ्यायचं.

मग केबलमध्ये दुसरी गाडी का येत नाही? कारण भेळेच्या गाडीला चाकं असतात आणि केबलला वायर.

समजा, तुमच्या गल्लीत साठ घरं आहेत. पहिल्या केबलवाल्याने खांबांवरून, गच्च्यांवरून वायर ओढली, मध्ये मध्ये सिग्नल वाढवायचे डबे बसवले आणि साठही घरं जोडली. आता दुसऱ्याला यायचं असेल, तर त्यालाही तेवढीच वायर आणि तेवढेच डबे लागणार. खर्च पहिल्याइतकाच. पण घरं काही एकशेवीस होत नाहीत, साठच राहतात. त्यातली तीस मिळाली तर नशीब! म्हणजे खर्च पूर्ण आणि गिऱ्हाईक निम्मं. कोण येईल? एका गल्लीत पाण्याचे दोन वेगवेगळे नळ तुम्ही पाहिलेत का कधी? तेच कारण. अर्थशास्त्रात याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. कुणी दुष्टपणा केला नाही तरी ती आपोआप तयार होते.

पण थांबा. सगळा दोष वायरीचाही नाही. मी तिसरीत होते तेव्हा आमच्या आळीत दोन केबलवाले होते. एकाने सिनेमाची वाहिनी दिली की दुसरा क्रिकेटची द्यायचा. मग एका रात्री कुणीतरी एकाच्या वायरी कापल्या. सकाळी निम्म्या आळीच्या टी.व्ही.वर नुसत्या मुंग्या! आठवड्याने दुसऱ्या निम्म्या आळीत मुंग्या. मग एक दिवस भांडण मिटलं. कसं मिटलं, ते मोठी माणसं ओट्यावर बोलत होती ते मला आठवतं. नाक्याच्या अलीकडचं तुझं, पलीकडचं माझं. सगळे म्हणाले, बरं झालं, कटकट गेली. पुढच्या दिवाळीत दोघांनीही पैसे वाढवले.

हे 'एरिया' प्रकरण असं जन्मलं. आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. कायदा काय म्हणतो?

केबलचा कायदा १९९५ सालचा आहे. त्याच्याआधीची गोष्ट आजी-आजोबांना विचारा. मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं टी.व्ही. म्हणजे दूरदर्शन, दुसरं काही नाही. म्हणजे तेव्हा सरकारचीच मक्तेदारी होती. मग जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध पेटलं. लोकांनी ते सीएनएनवर, मोठ्या छत्र्या लावून, घडत असताना पाहिलं. त्याच वर्षी स्टार टी.व्ही. आला, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी आला. गच्चीगच्चीवर मोठ्ठ्या थाळीसारख्या छत्र्या दिसायला लागल्या आणि त्यांच्यापासून गल्लोगल्ली वायरी निघाल्या. ना परवाना, ना नोंद. सरकारला त्याचा पत्ता लागेपर्यंत जाळं विणून झालं होतं. सप्टेंबर १९९४ मध्ये घाईघाईने वटहुकूम निघाला आणि पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला.

त्या कायद्याने सांगितलं, केबल चालवायची असेल तर नोंदणी करा. कुठे, माहीत आहे? पोस्टात! मुख्य पोस्ट ऑफिसात अर्ज करायचा, पाचशे रुपये भरायचे, वर्षभराची नोंदणी मिळायची. पत्रं, मनिऑर्डरी आणि केबलवाले, सगळं एकाच इमारतीत. जानेवारी २०२५ पासून ही नोंदणी थेट केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे, घरबसल्या संगणकावरून होते. पाच हजार रुपये, पाच वर्षांसाठी. आणि यातली आपल्या कामाची गोष्ट ही, की ती नोंदणी देशात कुठेही चालते. तिच्यात गल्लीचं नाव नसतं, वॉर्ड नसतो, 'एरिया' नसतो. म्हणजे नाक्यापलीकडच्या त्या माणसाला कायद्याने कुणीही अडवलेलं नव्हतं.

उलट, २००२ सालचा स्पर्धा कायदा म्हणून एक कायदा आहे. एकाच धंद्यातल्या लोकांनी आपापसात गावाचे भाग वाटून घेतले, तर त्याने स्पर्धा मारली जाते असं तो कायदा धरूनच चालतो. म्हणजे आमच्या आळीत ओट्यावर ज्याला 'कटकट गेली' म्हणत होते, त्याला या कायद्यात वेगळं नाव आहे.

तेव्हा पहिलं उत्तर मिळालं. नाही बाळ, गल्ली केबलवाल्याच्या मालकीची नसते. मग कुणाची? यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एक फार छान गोष्ट सांगितली आहे. गल्लीबद्दल नाही, आकाशाबद्दल. आणि ती निघाली क्रिकेटमधून!

नोव्हेंबर १९९३ मध्ये भारतात हीरो कप ही स्पर्धा झाली. कोलकात्याला अंतिम सामन्यात अनिल कुंबळेने बारा धावांत सहा बळी घेतले होते, तीच ही स्पर्धा. बंगालच्या क्रिकेट संघटनेने सामने दाखवायचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शन आणि सरकार म्हणालं, भारतातून प्रक्षेपण करायचं तर ते आमच्याच हातून. प्रकरण कोर्टात गेलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने सांगितलं, ज्या लहरींवरून चित्र जातं त्या लहरी सगळ्या जनतेच्या आहेत. त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, आणि उद्या एखाद्या खाजगी शेटजींची मक्तेदारी झाली तर तीही नको. यात प्रेक्षकांचा हक्क सगळ्यांत वरचा. जनतेच्या वतीने देखरेख करायला स्वतंत्र संस्था हवी, असंही त्यात आहे.

देखरेख करणारी संस्था केबलला मिळायला मात्र आणखी नऊ वर्षं गेली. टेलिफोनसाठी १९९७ मध्ये 'ट्राय' नावाचं प्राधिकरण झालं होतं. जानेवारी २००४ मध्ये केबलचं कामही त्याच्याकडे सोपवलं. ट्रायने पहिल्यांदा काय केलं असेल? तुम्ही 'स्टॅच्यू' खेळता ना, तसंच केलं. म्हणाले, २६ डिसेंबर २००३ ला जो दर होता त्यावर सगळ्यांनी स्टॅच्यू! कुणी हलायचं नाही. पण स्टॅच्यू म्हणणारा दिल्लीत आणि खेळणारे गल्लीत. इथे हात हलला की नाही, कोण बघणार? शिवाय, एका केबलवाल्याकडे घरं किती हेच कुणाला नक्की कळत नव्हतं. वर्गात साठ मुलं बसलेली असावीत आणि हजेरीपटावर वीस, असा कारभार.

हजेरी नीट लागावी म्हणून सेट-टॉप बॉक्स आला, ज्याला आपण डबा म्हणतो. प्रत्येक डब्याला स्वतःचा क्रमांक, त्यामुळे घरं मोजता येतात. मुंबईत हा बदल ३१ ऑक्टोबर २०१२ ला झाला. पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही तारीख होती. मग छोटी शहरं, आणि मार्च २०१७ पर्यंत खेडीपाडी. चित्र स्वच्छ झालं, मुंग्या गेल्या, हे खरंच. पण वायर कापायला खांबावर चढायची गरजही गेली. खोलीत बसून एक बटण दाबलं की घर बंद! आमच्या पोरीच्या घरी तसंच झालं.

मग आलं २०१९ साल. तुमच्यातले मोठे जे आहेत, त्यांना आठवत असेल. फेब्रुवारीत घरोघरी लांबलचक याद्या आल्या होत्या, प्रत्येक वाहिनीपुढे तिची किंमत. ट्रायचा नियम होता, जे बघाल त्याचेच पैसे द्या. वायरीचं भाडं म्हणून शंभर वाहिन्यांपर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. सातवीतल्या मुलांनो, वहीत करून बघा, १५३ रुपये ४० पैसे येतात. त्यावर पैशांच्या वाहिन्या आपल्या आवडीप्रमाणे. कल्पना मला फार आवडली होती. आम्ही घरी पेन घेऊन बसलो, सासूबाईंच्या तीन, ह्यांच्या दोन, माझी एक.

बेरीज केली आणि पेन खाली ठेवलं. समजा, दुकानात नुसती पेन्सिल मागितली तर एकोणीस रुपये, आणि पेन्सिल, रबर, पट्टी, कर्कटक, गुण्या असं सगळं भरलेली कंपासपेटी चाळीसला. मग नुसती पेन्सिल कोण घेईल? तसंच झालं. एकेकटी वाहिनी महाग आणि मोठा गठ्ठा स्वस्त. गठ्ठ्यात घालायच्या वाहिनीची किंमत जास्तीत जास्त एकोणीस रुपये असा नियम होता, म्हणून कितीतरी नावाजलेल्या वाहिन्या बरोब्बर एकोणीसला जाऊन बसल्या! लोकांनी गठ्ठाच घेतला, आम्हीसुद्धा. २०२० मध्ये ट्रायने नियम बदलले, त्याच १३० रुपयांत दोनशे वाहिन्या केल्या, एकोणीसचे बारा केले. कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २०२२ मध्ये बाराचे पुन्हा एकोणीस झाले. आणि जुलै २०२४ मध्ये ट्रायने १३० रुपयांची मर्यादाच काढून टाकली. हे भाडं कंपनीने स्वतः ठरवायचं आणि जाहीर करायचं. कारण हे, की आता घरोघरी पर्याय आहेत, स्पर्धाच दर आवरेल.

इथे मात्र मी आठ दिवसांत सगळ्यांत जास्त वेळ अडकले. पर्याय आहेत हे खोटं नाही. तारेला उत्तर आकाशातूनच आलं. खरं तर ते आधीच यायचं, पण छत्रीने थेट घरात वाहिन्या द्यायला सरकारने १९९७ मध्ये बंदी घातली होती. नोव्हेंबर २००० मध्ये बंदी उठली, २००३ मध्ये पहिली खाजगी छत्री आली आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची, जिला महिन्याचे पैसेच पडत नाहीत. आता मोबाईल आहे, इंटरनेट आहे. देशाचा हिशेब मांडला तर स्पर्धा भरपूर. पण आमच्या त्या पोरीचं घर वाड्यातल्या मागच्या खोलीत आहे. छत्रीला दक्षिणेकडचं आकाश मोकळं दिसावं लागतं, आणि त्यांच्या दक्षिणेला तीन मजली इमारत उभी आहे. गच्ची मालकाची आहे, तो छत्री लावू देत नाही. घरात मोबाईल एकच, तो बाबांबरोबर कामावर जातो. आणि घरातला डबा दुसऱ्या कंपनीला चालत नाही. मोबाईलचं बघा, जानेवारी २०११ पासून देशभरात नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. डबासुद्धा कुठल्याही कंपनीला चालेल असा करावा, अशी शिफारस ट्रायने २०२० मध्ये सरकारला केली होती. त्यांच्या घरातला डबा काही अजून तसा झालेला नाही.

म्हणजे स्पर्धा मोजतात देशाची, आणि ती लागते गल्लीत. मला तर वाटतं, ज्या गल्लीत दुसरा येत नाही तिथे मर्यादा ठेवायला हवी होती. तुमच्या बाबांना पटणार नाही कदाचित. त्यांना विचारा आणि वाद घाला.

आणि प्रश्न नुसता पन्नास रुपयांचाही नसतो. पंजाबातली एक गोष्ट सांगते. तिथे फास्टवे नावाचं केबलचं मोठं जाळं होतं, राज्यातली बहुतेक घरं त्यांच्याकडे. 'डे अँड नाईट न्यूज' नावाची बातम्यांची एक वाहिनी त्यांनी आपल्या जाळ्यावरून काढून टाकली. झालं, ती वाहिनी लोकांना दिसेचना. वाहिनीवाले स्पर्धा आयोगाकडे गेले. आयोगाने २०१२ मध्ये आठ कोटींहून जास्त दंड केला. वरच्या न्यायाधिकरणाने तो निकाल फिरवला. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा ताकदीचा गैरवापरच होता. दंड मात्र माफ केला. लक्षात आलं ना? वायर एकाच्याच हातात असली, की आपण किती पैसे द्यायचे ते तो ठरवतो, आणि कुठली बातमी बघायची तेही.

आता चहाची गोष्ट. पोरीच्या गल्लीतल्या केबलवाल्यांचा मुलगा पूर्वी माझ्या वर्गात होता, म्हणून धीर करून गेले. मनात त्यांना थोडं सुनवायचंच होतं. त्यांनी खुर्ची दिली आणि तेच बोलायला लागले. सुरुवातीला घरात एक व्ही.सी.आर. होता, त्यावर कॅसेट लावायची आणि बारा घरांना वायर. भर पावसात खांबावर चढायचं. वानरं वायरी तोडतात ती वेगळीच. "मॅडम, गावाला वाटतं मी राजा. पण सिग्नल माझा नाही, वरच्या कंपनीचा आहे. त्यांनी वाढवले की मी कुणाकडे जाऊ? मलाही तिथे दुसरा नाही." खोटं नव्हतं ते. शिवाय जो तो मोबाईलवर बघतो, दर महिन्याला दोन-चार घरं कमी होतात. उरलेल्यांवर वाढवावे लागतात.

मी म्हटलं, "दादा, ते सगळं खरं. पण पावती द्यायचा नियम आहे ना? पैसे घेतले की पावती. आणि त्यांना तुमचं पटत नसेल तर त्यांनी दुसऱ्याकडे जावं की नाही?"

"जावं की! मी कुठे अडवलंय?"

"दुसरा म्हणतो, ही गल्ली माझ्या एरियात येत नाही."

ते हसले. मग आत वळून म्हणाले, "अगं, मॅडमना चहा आण." त्या प्रश्नाला यापलीकडे उत्तर मिळालं नाही.

पुढे काय झालं ते सांगते. डब्याच्या मागच्या बाजूला वरच्या कंपनीचा तक्रारीचा फोन नंबर छापलेला असतो, तुमच्याही असेल, बघा. पोरीच्या बाबांनी त्यावर तक्रार नोंदवली आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घेतला. आमच्या सातवीच्या मुलांनी त्यांना एक अर्जही लिहून दिला, मराठीच्या पेपरातल्या पत्रलेखनाचा इतका चांगला उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला. अर्जात भांडण नव्हतं, तीनच गोष्टी होत्या. कोणत्या वाहिन्यांचे किती, वायरीचं भाडं किती, कर किती, ते लिहून द्या. नेहमीचे पैसे तयार आहेत. घरात आजारी माणूस आहे.

अकराव्या दिवशी टी.व्ही. सुरू झाला. पन्नास रुपये काही गेले नाहीत, पण पावती आली आणि तिच्यात हिशेब आला. हिशेब वाचल्यावर कळलं, की घरात कुणालाच न समजणाऱ्या भाषांच्या सहा वाहिन्यांचे पैसे इतके दिवस जात होते. बाबांनी त्या काढायला सांगितल्या, आणि पन्नासातले बत्तीस रुपये परत खिशात राहिले. नाक्यापलीकडचा माणूस अजून अलीकडे आलेला नाही.

आता तुमचं काम. या रविवारी घरातली केबलची किंवा छत्रीची पावती मागून घ्या. नसेल तर का नाही ते विचारा, मोठ्यांशी बोलताना नीट विचारा. तुमच्या गल्लीत किती केबलवाले आहेत, आणि शेजारच्या गल्लीतला तुमच्याकडे यायला तयार आहे का, तेही बघा. पावतीवरची नावं-नंबर नको, नुसते आकडे मला पोस्टकार्डावर लिहून पाठवा. आमच्या वर्गाने मागच्या भिंतीवर एक मोठा तक्ता लावला आहे. त्यात सध्या आमच्याच गावाच्या गल्ल्या आहेत, आणि 'दुसरा येतो का?' या रकान्यात आतापर्यंत दोनच ठिकाणी 'हो' आहे. पोरगी रोज मधल्या सुट्टीत त्याच्यासमोर उभी राहून मोजते.